न्यायालयात गोष्ट सांगताना: खटला चालवणाऱ्या वकिलाला रंगभूमी काय शिकवते

सुमारे २४०० वर्षांपूर्वी अथेन्समध्ये युफिलेटोस नावाच्या गृहस्थावर खुनाचा खटला चालला. बायकोच्या प्रियकराला त्याने आपल्याच घरात मारलं होतं आणि ते तो नाकारतही नव्हता. व्यभिचार करताना रंगेहाथ सापडलेल्या पुरुषाला मारण्याची मुभा तिथल्या कायद्यात होती. पण मृताच्या बाजूचं म्हणणं असं, की त्याला सापळा रचून घरात आणलं गेलं. त्यामुळे सगळा वाद एका प्रश्नावर येऊन ठेपला: हे आधीपासून ठरलेलं होतं की नव्हतं?

अथेन्समध्ये पक्षकाराला न्यायालयात स्वतःच बोलावं लागे. भाषण लिहून देणारे मात्र असत, आणि लिसियस हा त्यांतला नामांकित. युफिलेटोससाठी त्याने लिहिलेलं भाषण आजही वाचायला मिळतं. त्यात कायद्याचा कीस पाडण्याआधी तो घर दाखवतो. घर दुमजली. मूल झाल्यावर बायकोला रात्री-अपरात्री जिना उतरावा लागू नये म्हणून ती खाली आणि नवरा वर राहू लागला. एका रात्री खालचं दार वाजलं. सकाळी विचारलं तर ती म्हणाली, बाळाजवळचा दिवा विझला होता, तो शेजारून पेटवून आणला. तिचा भाऊ वारून महिनाही झाला नव्हता, तरी तिच्या चेहऱ्यावर रंग लावल्यासारखा वाटला. नवरा काही बोलला नाही. मग घटनेची रात्र. शेतावरून परतणारा मित्र वाटेत भेटला, त्याला जेवायला घरी आणलं, जेवून तो निघून गेला, नवरा झोपला. दासीने येऊन उठवलं. साक्षीला माणसं हवीत म्हणून तो शेजारीपाजारी धावला, तर काही जण घरात सापडले, काही गावातच नव्हते.

बचाव उभा आहे तो या शेवटच्या तपशिलांवर. कट असता तर सोबतीला असलेल्या मित्राला जाऊ दिलं असतं का? शेजाऱ्यांना आधीच सांगून ठेवलं नसतं का? ‘मी कट केला नाही’ हे नुसतं म्हणून भागत नाही, ते ऐकणाऱ्याला पटवावं लागतं. हे तपशील ऐकता ऐकता तो आपल्या पायांनी त्या निष्कर्षापर्यंत चालत जातो.

वकिलीत नाट्यकलेचा उपयोग होतो असं म्हटलं की डोळ्यांसमोर टेबलावर मूठ आपटणारा, आवाज चढवणारा वकील उभा राहतो. माझ्या मते रंगभूमीचा हा सगळ्यांत कमी उपयोगाचा भाग आहे. वकिलाने तिथून घ्यावं ते प्रेक्षकाला कधीच न दिसणारं काम: संहितेची रचना, तालीम, पात्राला नेमकं काय हवंय याचा शोध, आणि समोरच्याचं वाक्य खरोखर ऐकणं. या लेखात मुख्यतः त्याबद्दल.

पुरावा तुकड्यांनी येतो

खटल्यातला पुरावा घटनेच्या क्रमाने कधीच समोर येत नाही. तो साक्षीदारांच्या क्रमाने येतो. डॉक्टरला जखमा माहीत असतात, शेजाऱ्याला आरडाओरडा, पोलिसाला जागेचा पंचनामा, तज्ज्ञाला प्रयोगशाळेतला निष्कर्ष. कुणाला सोमवारी वेळ असतो, कुणाला दोन महिन्यांनी. ऐकणाऱ्याच्या हातात येतात ते सुटे तुकडे, तेही उलटसुलट.

अशा वेळी माणूस काय करतो, याचा अभ्यास अमेरिकेत नॅन्सी पेनिंग्टन आणि रीड हेस्टी या मानसशास्त्रज्ञांनी १९८०च्या दशकात केला. त्यांचं निरीक्षण असं, की ज्यूरीतले लोक, म्हणजे खटला ऐकून दोषी-निर्दोष ठरवणारे सामान्य नागरिक, पुराव्याची बेरीज-वजाबाकी करत बसत नाहीत. ऐकत असतानाच ते त्याची गोष्ट जुळवतात: कुणाला काय हवं होतं, त्याने काय केलं, त्यातून काय झालं. मग जी गोष्ट जास्तीत जास्त पुरावा पोटात घेते आणि कुठे अडखळत नाही, तिला जुळणारा निकाल ते निवडतात. १९८८मध्ये त्यांनी यावर एक प्रयोग प्रसिद्ध केला. खुनाच्या एकाच खटल्यातला तोच पुरावा, फक्त मांडणी बदललेली. सरकार पक्षाचा पुरावा घटनाक्रमाने आणि बचावाचा साक्षीदारांच्या क्रमाने ऐकवला, तेव्हा ७८ टक्के लोकांनी आरोपीला दोषी ठरवलं. मांडणी उलटी केली, तेव्हा ३१ टक्क्यांनी. पुरावा एका अक्षराने वाढला नव्हता की कमी झाला नव्हता.

बचावाच्या वकिलाने हा आकडा विशेष लक्षात ठेवावा. फौजदारी खटल्यात आरोपीला काहीच सिद्ध करायचं नसतं, वाजवी संशय निर्माण झाला तरी पुरतं. म्हणून अनेक वकील सरकार पक्षाच्या गोष्टीला भोकं पाडण्यावर थांबतात. कायद्याने ते पुरेसं आहे, पण ऐकणाऱ्याच्या मनाला पुरतंच असं नाही. भोकं पडलेली असली तरी गोष्ट एकच असेल, तर मन तिलाच धरून राहतं. तिच्याशेजारी दुसरी सुसंगत गोष्ट उभी राहिली, की त्या भोकांना अर्थ येतो.

सुरुवात कुठून करायची

कथाकाराचा पहिला आणि सर्वांत मोठा निर्णय म्हणजे पडदा कुठे उघडायचा. एक काल्पनिक खटला घेऊ. कारखान्यात यंत्रावर काम करताना एका कामगाराचा हात अडकला आणि बोटं गेली. यंत्रावरची संरक्षक जाळी त्या वेळी जागेवर नव्हती.

कंपनीचा वकील पडदा अपघाताच्या सकाळी उघडेल. कामगार आला, त्याने जाळी काढून बाजूला ठेवली, यंत्र सुरू केलं, हात आत घातला. प्रत्येक वाक्याचा कर्ता कामगार. ऐकणाऱ्याची नजर त्याच्यावरच खिळते आणि प्रश्नही त्याच्याबद्दलच पडतो: असं का केलं याने?

कामगाराचा वकील पडदा आठ महिने आधी उघडेल. देखभाल विभागाने लिहून कळवलं, की जाळी सैल झाली आहे, माल तिच्यात अडकतो. व्यवस्थापकाने कागद वाचला. दुरुस्तीसाठी यंत्र दोन दिवस बंद ठेवावं लागलं असतं. त्याने तारीख पुढे ढकलली. पुन्हा ढकलली. दरम्यान दर पाळीला माल अडकत होता आणि कामगार जाळी काढून तो मोकळा करत होते, पर्यवेक्षकाच्या डोळ्यांदेखत. आता कर्ता बदलला. अपघाताची सकाळ तिसऱ्या अंकात येते आणि तोवर ऐकणाऱ्याला कळलेलं असतं, की हे आज ना उद्या होणारच होतं.

दोन्ही वकील खरंच बोलत आहेत. फरक आहे तो सुरुवातीच्या जागेचा आणि निर्णय कुणाच्या हातात दाखवला याचा. नवोदित वकील अनेकदा पक्षकाराच्या दुखापतीपासून सुरुवात करतात, कारण सहानुभूती तिथे आहे असं त्यांना वाटतं. पण दुखापतीपासून सुरू झालेल्या गोष्टीत पक्षकार एकटाच रंगमंचावर असतो, आणि दोष शोधणाऱ्या नजरेला दुसरं कुणी सापडत नाही.

तीच घटना, दोन गोष्टी

युफिलेटोसच्या खटल्याशी विलक्षण साम्य असलेला खटला मुंबईत चालला. २७ एप्रिल १९५९ रोजी नौदलाचे कमांडर कावस नानावटी यांनी पत्नीचा प्रियकर प्रेम आहुजा याला त्याच्या घरी गोळ्या घातल्या. इथेही प्रश्न ठरवून की अनपेक्षितपणे, हाच.

बचावाची गोष्ट: पत्नीने कबुली दिल्याने कोसळलेला, कर्तव्यनिष्ठ अधिकारी. तो आहुजाला विचारायला गेला, की तू तिच्याशी लग्न करशील का, मुलांना सांभाळशील का. उर्मट उत्तर मिळालं, रिव्हॉल्व्हरवरून झटापट झाली, गोळ्या सुटल्या. सरकार पक्षाने मांडला तो क्रम: नानावटींनी पत्नी आणि मुलांना चित्रपटगृहात सोडलं. जहाजावर जाऊन खोटं कारण सांगून रिव्हॉल्व्हर आणि सहा काडतुसं घेतली. आधी आहुजाच्या कार्यालयात गेले, तो तिथे नव्हता म्हणून घरी गेले. आणि एक टॉवेल. आहुजा नुकताच आंघोळ करून आला होता, अंगावर फक्त टॉवेल. झटापट झाली म्हणता, तर तो मृतदेहावर जागच्या जागी कसा राहिला?

ज्यूरीने ८ विरुद्ध १ मतांनी नानावटींना निर्दोष ठरवलं. सत्र न्यायाधीशांना तो निर्णय पटला नाही, त्यांनी प्रकरण उच्च न्यायालयाकडे पाठवलं. तिथे नानावटी दोषी ठरले आणि २४ नोव्हेंबर १९६१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ते कायम केलं. दुपारी दीडला घर सोडलं आणि ४ वाजून २० मिनिटांनी खून झाला, मध्ये सुमारे तीन तास गेले, एवढा वेळ मन ताळ्यावर यायला पुरेसा होता, असं न्यायालयाने म्हटलं.

न्यायाधीशांसमोर कथाकथन चालत नाही, ते फक्त ज्यूरीसाठी, असा समज आहे. मला हा खटला त्याच्या विरुद्ध बाजूचा पुरावा वाटतो. वरच्या न्यायालयांतही शेवटी एक गोष्टच टिकली. मात्र ती घड्याळावर आणि टॉवेलवर उभी होती. न्यायाधीशाला निकालाची कारणं लिहावी लागतात, म्हणून त्याच्यासमोरची गोष्ट कागदावर उतरल्यावरही उभी राहावी लागते. आवाजातला कंप, थांबलेला श्वास कागदावर येत नाही. क्रम, वेळ आणि वस्तू येतात.

नायक कोण, निवेदक कोण

साक्ष घेण्याचे दोन मुख्य प्रकार, आणि दोहोंत वकिलाची भूमिका अगदी उलटी. आपल्या साक्षीदाराची सरतपासणी घेताना रंगमंच साक्षीदाराचा. सूचक प्रश्न, म्हणजे ज्यात उत्तर दडलेलं आहे असे प्रश्न, तिथे साधारणपणे विचारता येत नाहीत. म्हणून प्रश्न छोटे आणि उघडे असतात: तुम्ही कुठे उभे होता? काय ऐकू आलं? मग काय केलंत? चांगला वकील इथे हळूहळू दिसेनासा होतो. जिथे वकिलाला फिरण्याची मोकळीक असते, तिथे काही वकील ज्यूरीच्या बाकाच्या टोकाला उभं राहून प्रश्न विचारतात. साक्षीदार उत्तर देताना आपोआप ज्यूरीकडे पाहू लागतो. पात्रं कुठे उभी करायची याचा विचार करणाऱ्या दिग्दर्शकाला हे सांगावं लागणार नाही.

उलटतपासणीत वकील निवेदक होतो. सूचक प्रश्न इथे चालतात. गोष्ट तो सांगतो, साक्षीदार फक्त दुजोरा देतो. आपल्या कारखान्याच्या खटल्यात पर्यवेक्षकाची उलटतपासणी अशी चालेल:

‘जाळी सैल झाल्याची नोंद वहीत आहे?’
‘हो.’
‘नोंद मार्चमधली?’
‘हो.’
‘खाली सही तुमची?’
‘माझीच.’
‘अपघात नोव्हेंबरमधला?’
‘हो.’

आणि इथे थांबायचं. ‘मग दुरुस्ती का केली नाही?’ हा प्रश्न ओठांवर येतो, पण तो विचारला की पर्यवेक्षकाला भाषण करायची संधी मिळते. तो प्रश्न ऐकणाऱ्याच्या मनात आपोआप उमटू द्यायचा आणि त्याला उमटायला दोन क्षण शांतता द्यायची. विरामाचं बळ नटाला माहीत असतं. वकिलाला शांततेची भीती वाटते आणि तो ती शब्दांनी भरून टाकतो.

या बाबतीत अब्राहम लिंकनने १८५८मध्ये इलिनॉयमधल्या बिअर्ड्सटाउन इथे घेतलेली उलटतपासणी आजही शिकवली जाते. डफ आर्मस्ट्राँग या तरुणावर खुनाचा आरोप होता. मुख्य साक्षीदाराने सांगितलं, की रात्री ११च्या सुमारास सुमारे १५० फुटांवरून, लख्ख चांदण्यात त्याने वार होताना पाहिला. लिंकनने त्याच्यावर हल्ला चढवला नाही. चांदणं होतं ना? चंद्र वर होता ना? नक्की? साक्षीदाराला त्याच्याच शब्दांवर पुन्हा पुन्हा पक्कं करत नेलं. मग पंचांग काढून दाखवलं: त्या रात्री त्या वेळी चंद्र मावळतीला टेकत आला होता. आर्मस्ट्राँग सुटला. पंचांग सुरुवातीलाच दाखवलं असतं तर साक्षीदार म्हणाला असता, ‘असेल, पण दिसण्यापुरता उजेड होता.’ परत फिरायच्या वाटा आधी बंद केल्या म्हणून त्या छोट्या पुस्तिकेला एवढं वजन आलं.

प्रश्नातल्या एका क्रियापदानेही चित्र बदलतं. एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॉन पामर यांनी १९७४मध्ये लोकांना मोटारींच्या अपघाताची चित्रफीत दाखवून वेग विचारला. गाड्या ‘धाडकन आदळल्या’ अशा अर्थाचा शब्द वापरला, तेव्हा सरासरी उत्तर ताशी ४० मैलांहून थोडं जास्त आलं. ‘एकमेकींना लागल्या’ असं विचारलं, तेव्हा ३१.८. वकिलाच्या शब्दनिवडीची ही ताकद आहे, आणि जबाबदारीही: प्रश्न विचारता विचारता साक्षीदाराची खरी आठवणच बिघडू शकते.

तालीम किती?

इथे रंगभूमी आणि न्यायालय यांच्यातला सर्वांत नाजूक फरक येतो. २५ मार्च १९११ रोजी न्यूयॉर्कमधल्या ट्रँगल शर्टवेस्ट कारखान्याला आग लागली. १४६ कामगार मेले, बहुतेक तरुण स्थलांतरित मुली. नवव्या मजल्यावरचं दार कुलूपबंद होतं, हा मालकांवरचा मुख्य आरोप. केट ऑल्टरमन या वाचलेल्या मुलीने शपथेवर सांगितलं, की तिची मैत्रीण मार्गारेट त्या दाराशी झगडत असताना तिने पाहिली.

मालकांचे वकील मॅक्स स्ट्यूअर यांनी आवाज चढवला नाही. सौम्यपणे सांगितलं, पुन्हा सांगा. तिने जवळजवळ त्याच शब्दांत पुन्हा सांगितलं. त्यांनी पुन्हा सांगायला लावलं. पुन्हा तेच शब्द, तीच वाक्यं. एखादा शब्द गळला तर तोही त्यांनी आठवून दिला आणि तिने तो जागेवर बसवला. साक्षीदार पढवलेली आहे, हे ज्यूरीला कुणी सांगावं लागलं नाही. २७ डिसेंबर १९११ रोजी मालक निर्दोष सुटले.

तो प्रसंग वाचताना मला दर वेळी अस्वस्थ वाटतं. इंग्रजी तिची मातृभाषा नव्हती. परक्या भाषेत, इतक्या भयानक आठवणीबद्दल, इतक्या वेळा विचारल्यावर माणूस सापडलेल्या शब्दांना घट्ट धरून राहतो. तेच शब्द परत येणं हा खोटेपणाचा पुरावा होत नाही. पण ऐकणाऱ्याला पाठांतर ओळखू येतं आणि पाठांतरावर त्याचा विश्वास बसत नाही. मुरलेला नट शंभराव्या प्रयोगातही वाक्य पहिल्यांदाच सुचल्यासारखं बोलतो. साक्षीदार नट नसतो, आणि त्याने नट होऊही नये.

मग तयारी काय करायची? साक्षीदाराला शब्द द्यायचे नाहीत, त्याला जागेवर परत न्यायचं. तुम्ही कुठून आलात? उजेड कुठून येत होता? हातात काय होतं? नट भूमिकेत शिरताना स्वतःला विचारतो तेच हे प्रश्न, पण इथे उत्तरं कल्पनेतून नव्हे, आठवणीतून यायची असतात. तयारीची मर्यादाही देशागणिक वेगळी आहे. अमेरिकेत वकील साक्षीदाराशी त्याच्या साक्षीची तयारी करून घेऊ शकतो, मात्र खोटं बोलायला शिकवणं गुन्हा आहे. इंग्लंडच्या अपील न्यायालयाने २००५मध्ये स्पष्ट केलं, की फौजदारी खटल्यात साक्षीदाराला न्यायालयाच्या कामकाजाची ओळख करून देता येईल, साक्षीचं प्रशिक्षण देता येणार नाही.

वस्तूंची तालीम मात्र हवीच. १५ जून १९९५ रोजी अमेरिकन फुटबॉलपटू ओ. जे. सिम्पसन यांच्यावरच्या खुनाच्या खटल्यात सरकार पक्षाने आरोपीला, पातळ रबरी मोजे घातलेले असताना, गुन्ह्यातले चामडी हातमोजे सगळ्यांसमोर घालायला लावले. ते बसेनात. बचावाने समारोपात तोच क्षण पुन्हा उभा केला आणि ३ ऑक्टोबरला सिम्पसन निर्दोष सुटले. नाटकातली साधी पेटीसुद्धा प्रयोगाआधी उघडून पाहतात. मुद्देमालाचं प्रात्यक्षिक त्याहून कितीतरी जोखमीचं, कारण तिथे दुसरा प्रयोग नसतो.

दुसऱ्याच्या जागी

रंगभूमीकडून आलेलं, मला सर्वांत मोलाचं वाटणारं तंत्र म्हणजे भूमिकांची अदलाबदल. जेकब मोरेनो यांनी विसाव्या शतकात मानसोपचारासाठी सायकोड्रामा विकसित केला. त्यात माणूस आपल्या आयुष्यातल्या दुसऱ्या व्यक्तीची भूमिका घेऊन बोलतो. अमेरिकन वकील जेरी स्पेन्स यांनी १९९४मध्ये वायोमिंगमध्ये वकिलांसाठी सुरू केलेल्या प्रशिक्षण संस्थेत हे तंत्र मध्यवर्ती ठेवलं गेलं.

प्रत्यक्षात ते असं चालतं. वकील आपल्या कार्यालयात पक्षकाराच्या खुर्चीत बसतो आणि ‘मी’ म्हणून घटना सांगतो. चार वाक्यांतच अडतो, कारण फायलीत नसलेल्या गोष्टी त्याला माहीत नसतात. मग पक्षकाराला काय विचारायचं राहिलं ते कळतं. त्यानंतर तो विरुद्ध पक्षाच्या साक्षीदाराच्या खुर्चीत बसतो. कारखान्याचा पर्यवेक्षक होऊन बोलताना त्याला जाणवतं, की हा माणूस निष्ठुर नाही. त्याने तीनदा वर कळवलं, वरून उत्तर आलं नाही, आणि नोकरीची भीती होती. आता उलटतपासणीत त्याला खोटारडा ठरवण्यात अर्थ नाही. त्याच्या तोंडून वरच्यांची नावं यायला हवीत. खटल्याची दिशाच बदलते, आणि एका साध्या माणसाचा विनाकारण पाणउताराही टळतो.

या सगळ्याला कुंपण आहे. नसलेला पुरावा गोष्टीत घालता येत नाही. आपला पक्षकार निर्दोष आहे यावर माझा वैयक्तिक विश्वास आहे, असं सांगायलाही अनेक न्यायव्यवस्थांत वकिलाला मनाई आहे. ऐकणाऱ्यांनीही चेहऱ्यांवर फार भिस्त ठेवू नये. चार्ल्स बाँड आणि बेला डीपाउलो यांनी २००६मध्ये अनेक अभ्यास एकत्र करून पाहिले, तर खरं-खोटं ओळखण्यात लोक सरासरी ५४ टक्के वेळाच बरोबर निघाले, म्हणजे नाणं उडवण्यापेक्षा जेमतेम जास्त.

म्हणून जाणते वकील तयारीच्या सुरुवातीलाच विरुद्ध बाजूची गोष्ट लिहून काढतात, तीही जितकी ताकदीने लिहिता येईल तितकी. मग स्वतःची लिहितात आणि पुराव्यातला प्रत्येक कागद दोन्हींसमोर धरून पाहतात. आपल्या गोष्टीत न बसणारा एखादा कागद निघतोच. तो लपवला तर विरुद्ध पक्ष त्याचा टॉवेल करतो. म्हणून तो आपणच, आपल्या साक्षीदाराच्या तोंडून, सरतपासणीच्या मधल्या भागात आणायचा. कामगाराने त्या सकाळी जाळी काढली होती, हे ज्यूरीला कामगाराकडूनच कळू द्यायचं, आणि पुढचा प्रश्न विचारायचा: त्याआधी ती कितीदा काढावी लागली होती, आणि तेव्हा शेजारी कोण उभं होतं?